दिघोरी निघाली, दिघोरी लागली

सिहोरा, मंगळवार

आदरणीय विहीणबाई शकुनबाई, मुक्काम दिघोरी, यांना

सिहोऱ्याहून सुंदरबाईचा दोन्ही हात जोडून रामराम. (कागदावर काळे ठसे दिसले तं घाबरू नका, ते ग्रीस आहे, करणी नाही.) इथं आम्ही सगळे ठीक, म्हणजे जेवून-खाऊन उभे आहो. तुमचे गुडघे कसे आहेत? माझा डावा दुखते आणि उजवा त्याच्याकडं पाहून दुखते. इवाईबुवांचा, म्हणजे तुमच्या मालकांचा, खोकला गेला का? गेला नसल तं त्यांले सांगा, तंबाखूचा खर्रा सोडा असं मी म्हणत नाही, मी स्वतः खाते, पण खर्रा खाऊन आडवं होऊ नये, खाऊन बसावं. रीनाले आशीर्वाद, जावईबुवा प्रितमरावांले आशीर्वाद, आणि बाळाले आशीर्वाद. बाळाले अजून नाव नाही म्हणून नुसतं बाळ लिहिलं. त्याले नाव काहून नाही, त्याच्याचसाठी हे पत्र आहे.

तुम्ही म्हणाल, घरात पाच फोन असताना पत्र कायले? तं ईनबाई, पाचही फोन तुम्ही ब्लॉक केले. गुड्डीनं (माझ्या मोठ्या पोराची, लिलाधरची पोरगी, कॉलेजात जाते, घरातलं सगळं शहाणपण तिच्याकडंच ठेवायले दिलं आहे) मले सांगितलं, 'आजी, दिघोरीच्या आजीनं आपल्याले ब्लॉकमधी टाकलं.' आमच्या जमान्यात ब्लॉक म्हणजे पंचायत समितीचं आफिस. मले वाटलं तुम्ही तिकडं अर्ज दिला, आता साहेब लोक जीप घेऊन पाळणा पाहायले येतील. मी दोन तास नवं लुगडं नेसून बसली. मग गुड्डीनं समजावलं की ब्लॉक म्हणजे तुम्ही आमच्याशी बोलत नाही. एवढंच होतं तं सांगायचं होतं, तसं तुम्ही साक्षगंधापासूनच बोलत नाही. ज्या फोनमध्ये रिचार्ज नाही तो पण तुम्ही ब्लॉक केला, याले मात्र मानलं तुमाले.

म्हणून हे पत्र श्यामरावच्या हातानं पाठवून राहिली. तो आमचा शेजारी, दिघोरीले बहिणीकडं जाऊन राहिला. त्याले चहा द्या, साखर कमी, आणि पत्र वाचेपर्यंत दारात उभा ठेवू नका, त्याले ऐकायची सवय आहे. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. वाचणं-लिहिणं मी पुढं एसटीच्या पाट्यांवरून पक्कं केलं. तुमसर, साकोली, नाकाडोंगरी, हे शब्द मी मास्तरापेक्षा चांगले काढते. हे मी मोठेपणासाठी सांगून नाही राहिली. सगळा घोळ त्याच्यातूनच झाला आहे.

तुमचं म्हणणं काय, ते रीनाकडून समजलं. (तिले ब्लॉक करता येत नाही, ती तुमच्या घरातच आहे. तिनं तुमाले खरं काय ते सांगितलं, तं तुम्ही म्हणाल्या, 'आईचीच पोरगी, आईचंच बोलणार.' बरोबर आहे.) तुमचं म्हणणं असं, की रविवारी बारशाच्या दिवशी आम्ही आठ वाजता निघालो, अकरा वाजता दिघोरीले पोचलो, बस स्टँडवर तुमच्या बाया आरती घेऊन आणि बँडवाले बँड घेऊन उभे असताना आम्ही त्यांच्या समोरून गाडी काढली, थांबलो नाही, आणि पाळणा घेऊन तसेच नाकाडोंगरीले माझ्या मोठ्या पोरीकडं, रुपाकडं, निघून गेलो. ईनबाई, रुपाचे पोरं मिशा काढायले लागले. तिच्या घरी पाळण्यात ठेवायले एक मांजर आहे, ते पण बोका. आणि दिघोरी कुठं, नाकाडोंगरी कुठं! एक जिल्ह्याच्या या टोकाले, दुसरी त्या टोकाले. दुसरी गोष्ट अशी, की रविवारी आम्ही आंगणाच्या बाहेर पडलोच नाही. आता हे कसं झालं ते सुरुवातीपासून सांगते. लंबं आहे. गुडघे पसरून बसा.

पाळणा आईच्या माहेरचाच लागते, त्याच्याशिवाय बाळाले नाव ठेवत नाही, असा निरोप तुम्ही तीनदा पाठवला. (आमाले पहिल्या वेळीच समजलं होतं.) म्हणून मी बाबूलाल सुताराकडून दोन महिने आधी सागवानाचा पाळणा करवून घेतला. टांगायचा नाही, चार पायांवर उभा राहणारा, कारण तुमच्या घरावर आता स्लॅब पडला, टांगता कुठं? बाबूलाल म्हणे, 'आजी, याच्यात म्हशीचं वगारू निजवलं तरी करकर वाजणार नाही.' हे त्याचं बोलणं ध्यानात ठेवा, पुढं कामी पडते.

गाडी आमची तुमाले माहीतच आहे. जुनी, पांढरी, माझ्या दोन्ही पोरांची मिळून एक. लिलाधर आणि तुलाराम. तीन दिवस एकाची, तीन दिवस दुसऱ्याची, आणि रविवारी दोघांचीही नाही, म्हणून तिले धुवायचं ते राहूनच जाते. शनिवारी तुलाराम हवा भरायले इश्वरच्या दुकानात गेला. इश्वरचं टायरचं दुकान आमच्या घरापासून हाकेवर. त्यानं चाकांवरून हात फिरवला आणि म्हणे, 'तुलारामभाऊ, पुढचे दोन्ही टकले झाले, मागच्यांले अजून केस आहेत. उद्या लंबं जाणं आहे, रोटेशन करून घ्या. चारशे रुपये, अर्धा तास.' तुलाराम घरी येऊन बोलला, गाडीचं रोटेशन आहे. आता आमच्या इकडं रोटेशन म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी. आज या धुऱ्याले पाणी, उद्या त्या धुऱ्याले. उन्हाळी धान त्याच्यावरच उभा आहे. मी विचार केला, असल बाप्पा, गाडीले पण आता पाणी लागत असल, ऊन किती पडून राहिलं! म्हणून शनिवारी चारही टायरले मी एक-एक बादली पाणी घातलं. कोणी मले थांबवलं नाही. लिलाधर ओसरीवर बसून पाहत होता. त्याले वाटलं, आई पूजा करून राहिली.

मग गुड्डीनं समजावलं की रोटेशन म्हणजे टायर जागेवरून बदलायचे. पुढचा जास्त घासते, मागचा कमी, म्हणून पुढचा मागं, मागचा पुढं. असं म्हण ना मग! हे तं आमच्या चुरण्यासारखं, धानाच्या मळणीसारखं झालं. धान चुरताना बैल मेढीच्या खांबाभोवती फिरवत होतो ना आपण? जो बैल मेढीजवळ असते तो जागच्या जागी गोल फिरते आणि कडेचा बैल सगळं खळं पळते. म्हणून मधात थांबून त्यांच्या जागा बदला लागतात, नाही तं एक वाळून जाते आणि दुसरा माजते. (तुमच्या घरी मेढीजवळ कोण आहे आणि कडेले कोण, ते मी बोलत नाही. रीना बोलली आहे.) मी पोरांले म्हटलं, ठीक आहे, द्या इश्वरले चारशे आणि मोकळे व्हा. तं तुलाराम म्हणे, 'काहून द्यायचे? इकडचं तिकडंच तं करणं आहे! मोबाईलवर पाहिलं मी, वीस मिनिटांचं काम.' याच मोबाईलवर पाहून त्यानं मागच्या वर्षी मिक्सर दुरुस्त केला होता. त्या मिक्सरच्या भांड्यात आता आम्ही तुळस लावली आहे, चांगली आली.

रविवारी सकाळी सहा वाजता काम सुरू होणार होतं. सहा वाजता समजलं की चाक काढायले गाडी उचला लागते, आणि गाडी उचलायले जॅक लागते, आणि आपला जॅक घरात नाही. (तो कुठं आहे ते खाली सांगते. घाई नाही.) मग हे दोघं भाऊ जॅक मागायले गेले कोणाकडं? इश्वरकडंच. ज्याचे चारशे वाचवायचे, त्याच्याच दारात, 'इश्वरभाऊ, जरा जॅक देता का, आणि तो चाकाचा पाना, आणि जमलं तं ग्रीस.' इश्वर माणूस चांगला. म्हणे, 'न्या. पण चार वाजता परत पाहिजे, मले ट्रकवाल्याकडं जाणं आहे. आणि मी हात लावणार नाही, फक्त पाहीन.' जॅकसोबत तो आपली प्लास्टिकची खुर्ची पण घेऊन आला आणि आमच्या आंगणात, पेरूच्या खाली, टाकून बसला. मी त्याले चहा दिला. दिवसभरात सात दिले. असा दिवस त्याच्या जन्मात गेला नसल.

चारही चाकं एकदम काढायची असं ठरलं. (कोणी ठरवलं ते कोणीच सांगून नाही राहिलं.) म्हणून एक कोपरा जॅकनं उचलायचा, चाक काढायचं, तिथं खाली काहीतरी आधार द्यायचा, मग दुसरा कोपरा. एका कोपऱ्याले विटा रचल्या. दुसऱ्याले माझं उखळ. तिसऱ्याले धानाचा भरलेला कट्टा, तो अर्धा दबला, पोतं उसवलं आणि आंगणभर कोंबड्या जमा झाल्या. चौथ्या कोपऱ्याले, पुढच्या डाव्या अंगाले, घरात होती ती एक लाकडी वस्तू दिली. आता कोणतं चाक कुठलं, हे ध्यानात कसं राहणार? मी म्हटलं, थांबा रे. चुन्याची डबी आणली आणि चाकांवर नावं लिहिली. मले गावांचीच नावं सरळ लिहिता येतात. पुढच्या उजव्यावर लिहिलं तुमसर. पुढच्या डाव्यावर दिघोरी. मागच्या डाव्यावर नाकाडोंगरी. मागच्या उजव्यावर साकोली. चारही चाकांवर गावं आली, एसटीचा डेपोच झाला. गुड्डीनं फोटो काढून स्टेटसले टाकला.

आता तुमचा फोन. आठ वाजता आला. तुम्ही फोनवर लाकडं फोडल्यासारखं बोलता, 'हां, दिघोरीचं काय?' एवढंच. गुड्डीले वाटलं तुम्ही तिचं स्टेटस पाहून विचारून राहिल्या. (तिले काय माहीत, तुम्ही स्टेटस पाहत नाही, तुमचं कोणी पाहिलं तेवढं पाहता.) तिच्या समोर त्याच घडीले लिलाधरनं दिघोरी लिहिलेलं चाक हिसका देऊन बाहेर ओढलं होतं. पोरगी आनंदानं ओरडली, 'दिघोरी निघाली!' तुम्ही तिकडं समजल्या, आम्ही दिघोरीसाठी निघालो. चुली पेटवल्या.

लिलाधरचं मत होतं की पुढचे मागं आणि मागचे पुढं, झालं. त्यानं तसंच केलं. दिघोरी मागं गेली, नाकाडोंगरी पुढं आली, तुमसर मागं, साकोली पुढं. याच्यात अकरा वाजले, कारण दोन नट पेरूखाली पडले होते आणि ते इश्वरच्या खुर्चीच्या पायाखाली होते, आणि त्यानं हात लावणार नाही म्हटलं होतं म्हणून तो पाय पण उचलेना. अकराले तुमचा दुसरा फोन, 'दिघोरी?' गुड्डी म्हणे, 'लागली, आजी, दिघोरी लागली!' चाक लागलं, नट आवळले, पोरगी खुश. तिकडं तुम्ही बाया-बँड सगळं स्टँडवर पाठवलं. पाऊण तासानं तिसरा फोन. तो तुलारामनं घेतला, खांद्यानं कानाशी दाबून, हात ग्रीसनं भरलेले, कोणाचा फोन ते न पाहता. लिलाधर धूळ झटकायले विहिरीवर गेला होता, तुलारामले वाटलं तोच तिथून विचारून राहिला. म्हणे, 'दिघोरी मागं टाकली ना भाऊ! आता नाकाडोंगरी पुढं आहे.' आणि फोन ठेवला.

ईनबाई, तुमच्या जागी मी असती तं मी पण ब्लॉक केलं असतं. फक्त मले ते करता येत नाही.

एक वाजता मीच गुड्डीले म्हटलं, दिघोरीले फोन लाव आणि सांग, थोडा उशीर होऊन राहिला. तिनं चार वेळा लावला. म्हणे, 'आजी, दिघोरी लागत नाही.' गाडीखालून लिलाधर ओरडला, 'लागत कशी नाही? मीच तं लावली!' मग त्यानं बाहेर येऊन चाक हलवून दाखवलं. इश्वर इतका हसला की खुर्चीसकट मागं गेला.

हे इथं संपलं असतं तं आम्ही तीन वाजता तरी तुमच्या दारात असतो. पण तुलाराम विहिरीवर हात धुऊन आला, गाडीकडं पाहून मान हलवली आणि म्हणे, 'दादा, तू नुसतं पुढं-मागं केलं. डावं-उजवं कोण करणार? रस्ता डाव्या अंगाले उतरता राहते, डावा जास्त घासते.' लिलाधर म्हणे, 'मोठा मी आहे.' तुलाराम म्हणे, 'रस्ता पाहून सांगून राहिलो, वय पाहून नाही.' परत सगळी चाकं काढली. परत विटा, परत उखळ, परत कट्टा, परत ती लाकडी वस्तू. डाव्या अंगाचं उजव्याले आणि उजव्याचं डाव्याले. अडीच वाजले. तोपर्यंत गुड्डीच्या मोबाईलवर तो रोटेशनचा व्हिडिओ पूर्ण उतरला, सकाळपासून अर्धाच उतरला होता. तिनं पाहिलं आणि म्हणे, 'बाबा, काका, दोघांचंही चुकलं. फुली मारायची असते! पुढचं डावं मागच्या उजव्याले, पुढचं उजवं मागच्या डाव्याले.' दोन्ही भावांनी एकमेकांकडं पाहिलं. एकमेकांचं ऐकण्यापेक्षा पोरीचं ऐकणं बरं, असं दोघांच्याही तोंडावर दिसलं. तिसऱ्यांदा काढली.

मी ओसरीवर बसून चुन्याची नावं पाहून राहिली होती. मले हिशेब येत नाही, पण कोणती गाय कोणत्या खुंट्यावर होती हे मी विसरत नाही. तुमसर परत पुढं उजव्या अंगाले आलं. साकोली परत मागं उजव्याले. नाकाडोंगरी परत मागं डाव्याले. उरली दिघोरी, आणि उरला पुढचा डावा कोपरा. मी म्हटलं, 'अरे भैताडांनो, नावं वाचा! सकाळी जिथं होते तिथंच आले सगळे.' मोठ्यानं एक फेरी केली, लहान्यानं दुसरी, पोरीनं तिसरी, प्रत्येकाची आपल्या जागी बरोबर, आणि तिन्ही मिळून गाडी सकाळच्या सहा वाजताची. लिलाधरनं हातातला पाना खाली ठेवला. कोंबड्या पण थांबल्या. मग इश्वर खुर्चीवरून उठला आणि एकदम गरीब आवाजात म्हणे, 'भाऊ, दुकानात पण असंच करतो आम्ही, फक्त एकदाच करतो.'

इथं तुलारामनं तोंड बंद ठेवायचं होतं. तो म्हणे, 'तू पंक्चर काढणारा माणूस, तुले रोटेशनमधलं काय समजते!' इश्वरनं घड्याळ पाहिलं. चार वाजले होते. त्यानं जॅक उचलला, पाना उचलला, खुर्ची काखेत मारली, सातव्या चहाचा कप ओसरीवर धुऊन ठेवला, आणि गेला. जाताना म्हणे, 'माफी मागायले आले तं देईन जॅक.' आता तुम्हीच सांगा, माझी पोरं माफी मागतील? लग्नात पंगतीले वांग्याची भाजी पुरली नाही तेव्हा तुमच्या घरच्यांनी मागितली होती का?

तं असं आहे. दुकानात दिलं असतं तं चारशे गेले असते. घरी केलं म्हणून फुकट पडलं. त्या फुकटात एक बारसं गेलं, माझं उखळ दुभंगलं, अर्धा कट्टा धान कोंबड्यांनी खाल्ला आणि आता त्या अंडं सोडून सगळं देऊन राहिल्या. टायर जागचे हलले नाही असं मात्र म्हणू नका. त्यांच्या जन्मात ते रविवारीच सगळ्यात जास्त हिंडले, रस्त्यावर तेवढे गेले नाही.

झालं ते झालं. आता माझं म्हणणं ऐका. उर्वशीबाई, बाळाची आत्या, येत्या सोमवारी आपल्या घरी पुण्याले जाऊन राहिली म्हणे. नाव तिनंच बाळाच्या कानात सांगायचं. ती गेली की दिवाळीशिवाय येत नाही, तोपर्यंत पोरगं 'ए' म्हटलं की ओ द्यायले शिकल आणि तेच त्याचं नाव पडल. म्हणून बारसं येत्या रविवारी धरा. रीनाले चार दिवस बोलणं ऐकवू नका, सासरी ऐकायचं ते तिनं लग्नाच्या वर्षीच आगाऊ ऐकून ठेवलं आहे. आणि कृपा करून बाळाले सुपात, घमेल्यात, नाही तं कूलरच्या खोक्यात निजवून नाव उरकू नका. पाळणा माहेरचाच येईल. तो एकदम सुखरूप आहे. आंगणातच आहे, पण सावलीत आहे, ऊन लागत नाही, पाणी लागणार नाही, चोरानं न्यायचा म्हटला तरी त्याले नेता येणार नाही, असा ठेवला आहे.

कमी-जास्त बोलली असल तं पोटात घाला. जास्तच बोलली आहे, मले माहीत आहे.

तुमची
सुंदरबाई

ता. क. पाळणा सावलीत आहे असं वर लिहिलं, ती सावली गाडीची आहे. पुढच्या डाव्या कोपऱ्याखालची लाकडी वस्तू म्हणजे तोच. बाकी तीन चाकं लागल्यावर गाडीचा तो कोपरा त्याच्यावर बसला तो बसलाच. चाक घालायले दोन बोटं जागा कमी पडते. लाकडाची बल्ली लावून उचलून पाहिली, बल्ली मोडली. आता पाळणा काढल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि गाडी उचलल्याशिवाय पाळणा निघत नाही. पण एक सांगते, तीन दिवसांपासून अख्खी गाडी अंगावर घेऊन उभा आहे आणि खरंच करकर वाजला नाही. तुमच्या नातवाले असा पाळणा जिल्ह्यात दुसरा भेटणार नाही.

ता. क. आपला जॅक घरात नाही, तो कुठं आहे ते सांगायचं राहिलं. तुमच्या घरी आहे. लग्नाच्या वरातीत तुमची गाडी पंक्चर झाली तेव्हा प्रितमराव तो मागून घेऊन गेले होते. मी मागच्या दिवाळीले आली तेव्हा पाहिला, तुमच्या दिवाणाचा एक पाय मोडला आहे, तिथं खाली लावला आहे. वरून चादर सोडली म्हणून काय झालं, मी वाकून पाहिलं. तेव्हा बोलली नाही, पाहुणी होती. तं प्रितमरावांले शनिवारच्या पहिल्या बसनं जॅक घेऊन पाठवा. दिवाणाखाली विटा द्या. त्या नसल्या तं आमच्याकडच्या चार प्रितमरावांसोबत पाठवते, इथं आता काम नाही.

ता. क. पाळणा गाडीखाली सरकवायचं कोणाले सुचलं हे रीना विचारल. पोरांचं नाव घेऊ नका. मले सुचलं. बाबूलालनं म्हशीचं वगारू म्हटलं तेव्हापासून मले पाहायचंच होतं.

ता. क. हे शेवटचं, श्यामराव दारात चपला वाजवून राहिला. फोन चालू करा. परत घोळ नको म्हणून मी चाकावरचं दिघोरी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं आणि दुसरं नाव लिहिलं. तुमाले मान म्हणून तुमचंच लिहिलं. तवा शनिवारी तुम्ही फोन केला आणि गुड्डी म्हणाली की शकुनबाई अजून लागली नाही, किंवा शकुनबाई आंगणात पडून आहे, तं रागानं परत ब्लॉक करू नका. आज सकाळी इश्वर रस्त्यानं चालला होता, बोलत नाही पण पाहते. कुंपणावरूनच म्हणे, शकुनबाई घासली आहे पण अजून दोन वर्षं आरामात चालल, फक्त हवा जास्त झाली आहे, थोडी काढा लागते.